‘ऋण’, ‘संवेदनशील’ आणि ‘प्रतिजैविक’ : पॉलिमिक्सिनच्या निमित्ताने तीन संज्ञांची चिकित्सा

‘रोगी पेनिसिलिनला संवेदनशील आहे’ आणि ‘जंतू पेनिसिलिनला संवेदनशील आहे’ ही दोन वाक्ये मराठी व्याकरणाच्या दृष्टीने सर्वस्वी सारखी आहेत. कर्ता, विभक्ती, विशेषण, क्रियापद यांच्या रचनेत तिळमात्र फरक नाही. परंतु पहिल्या वाक्याचा आशय असा की, या रोग्याला हे औषध चुकूनही देऊ नये. आणि दुसऱ्याचा आशय असा की, या औषधाने हा जंतू मरतो, सबब ते देता येईल. एकच विशेषण एका ठिकाणी निषेध करते आणि दुसऱ्या ठिकाणी अनुज्ञा देते. ही दोन्ही वाक्ये एकाच रोग्याच्या कागदपत्रांत, एकाच दिवशी, एकाखाली एक येऊ शकतात. तज्ज्ञ वैद्याचा त्यामुळे घोटाळा होणार नाही. पण ते कागद हाती घेऊन घरी जाणाऱ्या रोग्याचा, त्याच्या मुलाचा किंवा नव्याने शास्त्र शिकू लागलेल्या विद्यार्थ्याचा होणारच नाही, असे कोण म्हणेल?

मराठीतील शास्त्रीय परिभाषेची चर्चा आजवर बहुतांशी एकाच वादाभोवती फिरत राहिली आहे. संज्ञा संस्कृतोद्भव असावी की इंग्रजी शब्दच देवनागरीत लिहावा, हा तो वाद होय. या वादात दोन्ही पक्षांनी शब्दाचे कूळ पाहिले. शब्द काय सांगतो आणि प्रयोगशाळेने प्रत्यक्षात काय पाहिले, यांचा मेळ बसतो की नाही, हे फारसे कोणी पाहिले नाही. वस्तुतः शास्त्रीय संज्ञेची पहिली कसोटी हीच असली पाहिजे. जे निरीक्षणात आले तेवढेच संज्ञेने सांगावे. त्याहून अधिक सांगू नये आणि भलते तर मुळीच सांगू नये.

या कसोटीवर प्रस्तुत लेखात तीन प्रचलित संज्ञा घासून पाहिल्या आहेत. त्यासाठी उदाहरण घेतले आहे ते पॉलिमिक्सिन या औषधाचे व प्रयोगशाळेत त्याचे जे निरनिराळे उपयोग होतात त्यांचे. आणि स्थळ घेतले आहे ते बुलढाणा जिल्ह्यातील लोणार सरोवर. औषध निवडण्याचे कारण असे की, ते मुख्यतः ज्यांना ‘ग्रॅम-ऋण’ म्हणतात त्या जंतूंविरुद्ध काम करते. स्थळ निवडण्याचे कारण असे की, त्या सरोवरातील सूक्ष्मजीवांनी या ‘ग्रॅम-ऋण’ शब्दाची मर्यादा उघड केली आहे.

१

पॉलिमिक्सिनचा शोध १९४७ साली प्रसिद्ध झाला. मातीत आढळणाऱ्या एका दंडाणूपासून हे द्रव्य मिळते, असे अमेरिका व इंग्लंड या देशांतील संशोधकांनी स्वतंत्रपणे दाखविले. इंग्रज संशोधकांनी त्याला ‘एरोस्पोरिन’ म्हटले, अमेरिकनांनी ‘पॉलिमिक्सिन’. ग्रीक भाषेत ‘पॉली’ म्हणजे पुष्कळ आणि ‘मिक्सा’ म्हणजे शेंबडासारखा चिकट स्राव. हे वर्णन औषधाचे नव्हे, ते निर्माण करणाऱ्या दंडाणूचे होय. वाढताना तो पुष्कळ बुळबुळीत द्रव्य सोडतो. पुढे जपानमध्ये ‘कोलिस्टिन’ नावाचे औषध सापडले. ते आणि पॉलिमिक्सिन ई ही एकच वस्तू आहे, असे नंतर निष्पन्न झाले. स्वतः दंडाणूचेही कूळ १९९३ मध्ये बदलले आणि तो ‘पेनिबॅसिलस’, म्हणजे लॅटिन भाषेच्या हिशेबाने ‘जवळजवळ बॅसिलस’, या प्रजातीत गेला. नावे इतकी बदलली, द्रव्य मात्र तेच राहिले.

औषध म्हणून पॉलिमिक्सिनचे आयुष्य चढउताराचे ठरले. मूत्रपिंडावर व मज्जातंतूंवर त्याचा अनिष्ट परिणाम होतो, म्हणून अधिक निर्धोक औषधे येताच ते मागे पडले. पुढे त्या औषधांना न जुमानणारे जंतू वाढले, तेव्हा निरुपायाने त्याच पॉलिमिक्सिनकडे वैद्यकाला वळावे लागले. प्रयोगशाळेतील त्याचे स्थान मात्र या काळात कधीच डळमळले नाही. तेथे त्याचे निदान चार उपयोग सांगता येतील.

पहिला उपयोग निवडीचा. शिजवून तसाच उबेला राहिलेल्या भातात बॅसिलस सेरियस नावाचा दंडाणू वाढतो आणि त्यामुळे उलट्या-जुलाब होतात. अन्नाच्या नमुन्यातून हा दंडाणू शोधावयाचा तर त्याच्याबरोबर वाढणारे इतर असंख्य जंतू दूर सारावे लागतात. त्यासाठी मॅनिटॉल व अंड्याचा बलक असलेल्या पोषक माध्यमात पॉलिमिक्सिन मिसळतात. ग्रॅम-निगेटिव्ह जंतूंची वाढ थांबते आणि बॅसिलस सेरियस आपल्या विशिष्ट वसाहती दाखवितो. याच तत्त्वावर रक्तमिश्रित कोलंबिया आगरमध्ये कोलिस्टिन व नॅलिडिक्सिक ॲसिड घालतात. मग पू किंवा थुंकी यांसारख्या मिश्र नमुन्यातून माळाणू व पुंजाणू वेगळे काढता येतात.

दुसरा उपयोग ओळख पटविण्याचा. पटकीच्या जंतूचे दोन प्रकार मानले जातात : अभिजात आणि एल टॉर. यांतील दुसऱ्याचे नाव इजिप्तमधील एका विलगीकरण केंद्रावरून पडले. तेथे १९०५ साली तो यात्रेकरूंमध्ये आढळला होता. १९६१ मध्ये इंडोनेशियात सुरू होऊन १९६४ मध्ये भारतात पोचलेली पटकीची साथ या एल टॉर प्रकाराची होती. दोन्ही प्रकार सूक्ष्मदर्शकाखाली सारखेच दिसतात. पॉलिमिक्सिन बी ची ५० युनिटांची चकती ठेवली म्हणजे अभिजात जंतूची वाढ तिच्याभोवती थांबते आणि एल टॉरची थांबत नाही. अनेक वर्षे ही चकती दोहोंतील एक प्रमुख निकष होती.

तिसरा उपयोग साक्षीचा. ग्रॅम-निगेटिव्ह जंतूंच्या बाह्य पटलात लिपोपॉलिसॅकराइड नावाचे द्रव्य असते. पेशींवरील प्रयोगात त्याचा लेशमात्र अंश मिसळला तरी पेशी खवळतात आणि संशोधकाला वाटते की, आपण घातलेल्या नव्या पदार्थाचाच हा परिणाम. पॉलिमिक्सिन बी या द्रव्याला चिकटून त्याला निष्प्रभ करते. म्हणून तोच प्रयोग पॉलिमिक्सिन घालून पुन्हा करतात. परिणाम नाहीसा झाला तर तो नव्या पदार्थाचा नसून भेसळीचा असावा, असा संशय बळावतो.

चौथा उपयोग, रोग्यापासून मिळालेल्या जंतूवर हे औषध चालेल की नाही, हे ठरविण्याचा. सर्वसामान्य वाचकाला प्रयोगशाळेचा हाच एक उपयोग ठाऊक असतो. आणि ‘संवेदनशील’ या शब्दाचा प्रश्न येथेच उद्भवतो. त्याचा विचार चौथ्या भागात केला आहे.

२

आता ‘ग्रॅम-ऋण’ ही संज्ञा घेऊ. हान्स क्रिस्टियन ग्रॅम या डॅनिश वैद्याने १८८४ साली बर्लिनमध्ये आपली रंजनपद्धती प्रसिद्ध केली. न्यूमोनियाने मेलेल्या रोग्यांच्या फुफ्फुसाच्या ऊतकात जंतू स्पष्ट दिसावेत, एवढाच त्याचा हेतू होता. जांभळा रंग द्यावयाचा, आयोडीन घालावयाचे आणि मग मद्यार्काने धुवावयाचे. काही जंतूंनी रंग धरून ठेवला. विषमज्वराच्या जंतूंसारख्या काहींचा रंग धुवून गेला. ज्यांचा रंग गेला ते ‘निगेटिव्ह’. म्हणजे या शब्दाचा मूळ अर्थ ‘या परीक्षेचे उत्तर नाही असे आले’ एवढाच होता.

इंग्रजी ‘निगेटिव्ह’ या शब्दाला अनेक अर्थ आहेत. परीक्षेचे नकारार्थी उत्तर हा एक. गणितातील शून्याखालची संख्या हा दुसरा. विद्युत्‌भाराचा एक प्रकार हा तिसरा. मराठी ‘ऋण’ हा शब्द यांपैकी दुसरा व तिसरा अर्थ चांगला वाहून नेतो. पहिला अर्थ मात्र त्यात नाही. रक्ततपासणीत दोष आढळला नाही, तर ‘तपासणी ऋण आली’ असे कोणी म्हणत नाही. सारांश, भाषांतरकाराने अनेकार्थी शब्दाचा नेमका तोच अर्थ उचलला, जो येथे लागू नव्हता.

हा दोष केवळ शैलीचा असता तर त्याची फारशी चिकित्सा करण्याचे कारण नव्हते. परंतु पॉलिमिक्सिनच्या कार्याचे स्पष्टीकरण वाचू लागताच तो वाचकाला खोट्या अनुमानाकडे ओढून नेतो. पॉलिमिक्सिनच्या रेणूवर धन विद्युत्‌भार असतो. ग्रॅम-निगेटिव्ह जंतूच्या बाह्य पटलातील लिपोपॉलिसॅकराइडवर फॉस्फेट गटांमुळे ऋण विद्युत्‌भार असतो. मॅग्नेशियम व कॅल्शियम यांचे धनभारित आयन या रेणूंना एकत्र सांधून ठेवतात. पॉलिमिक्सिन त्या आयनांना हुसकून त्यांची जागा घेते, पटल विस्कटते आणि पेशी मरते. हे वर्णन मराठीत वाचणारा विद्यार्थी सहजच असे अनुमान करील की, धन औषध ऋण जंतूला चिकटते आणि धन जंतूला चिकटत नाही. म्हणूनच जंतूंना ‘ग्रॅम-ऋण’ व ‘ग्रॅम-धन’ म्हणतात. अनुमान देखणे आहे, स्मरणात राहणारे आहे आणि साफ चुकीचे आहे. कारण ‘ग्रॅम-धन’ जंतूंच्या पृष्ठभागावरही टायकोइक आम्लांमुळे ऋणभारच असतो. पॉलिमिक्सिन त्यांच्यावर फारसे चालत नाही याचे कारण विद्युत्‌भाराचे चिन्ह नव्हे. ज्या बाह्य पटलाला ते मुख्यतः पकडते, ते पटलच त्यांना नसते.

आणखी एक गोष्ट ध्यानात घेतली पाहिजे. ‘ऋण’ शब्दाने काहीतरी उणे असल्याचा भास होतो. वस्तुस्थिती उलट आहे. ग्रॅम-निगेटिव्ह जंतूंची मधली भित्ती पातळ असली, तरी तिच्या बाहेर आणखी एक पटल असते. ते पटल अनेक औषधांना आत शिरू देत नाही आणि त्यामुळेच या जंतूंवर औषध शोधणे कठीण जाते. उणे म्हणविणाऱ्या जंतूंपाशी एक आवरण अधिकच आहे.

शिवाय सारेच ग्रॅम-निगेटिव्ह जंतू पॉलिमिक्सिनला बळी पडत नाहीत. प्रोटियस व सेराशिया हे त्याला मुळातच दाद देत नाहीत. परम्याचा जंतू ग्रॅम-निगेटिव्ह आहे. तरी तो वाढविण्याच्या थायर-मार्टिन माध्यमाच्या सुधारित रूपात कोलिस्टिन मुद्दाम घालतात. इतर ग्रॅम-निगेटिव्ह जंतू त्याने थांबतात आणि परम्याचा जंतू त्यातून तरून जातो. रंजनाची परीक्षा वेगळी आणि औषधाची परीक्षा वेगळी. एकीचे उत्तर दुसरीवर लादता येत नाही, हे संज्ञेने झाकू नये.

पर्याय काय? मराठी घरांत कापड घेताना ‘रंग पक्का आहे की जातो?’ हा प्रश्न पिढ्यान्‌पिढ्या विचारला गेला आहे. ग्रॅमची परीक्षा नेमकी हीच आहे. म्हणून ‘ग्रॅम-रंग टिकणारे’ आणि ‘ग्रॅम-रंग जाणारे’ असे साधे वर्णन प्रथम द्यावे आणि नंतर ‘ग्रॅम-पॉझिटिव्ह’ व ‘ग्रॅम-निगेटिव्ह’ हे उसने शब्द नाव म्हणून वापरावेत. ‘पक्के’ व ‘कच्चे’ हे शब्द मात्र टाळलेले बरे. कारण ‘कच्चा’ म्हटले की दुबळेपणाची छटा येते आणि ‘ऋण’ शब्दाचाच दोष दुसऱ्या दाराने आत शिरतो.

३

वरील विवेचन केवळ तर्काने केले आहे, असे वाटू नये म्हणून लोणारकडे वळणे इष्ट होय. बुलढाणा जिल्ह्यातील हे सरोवर बेसॉल्ट खडकात उल्कापाताने झालेल्या विवरात आहे. विवराचा व्यास सुमारे १.८ किलोमीटर आहे. पाणी खारट तर आहेच, शिवाय सोड्यामुळे अत्यंत क्षारीय आहे. गावाच्या नावातच ‘लवण’ आहे. लवणासुराच्या आख्यायिकेने आणि दैत्यसूदनाच्या मंदिराने ते लोकस्मृतीत पक्के केले आहे. ‘आईन-इ-अकबरी’तही काच व साबण यांच्या सामग्रीसाठी या स्थळाचा निर्देश आहे.

अशा पाण्यात राहणाऱ्या सूक्ष्मजीवांनी संशोधकांचे लक्ष वेधून घेतले. हैदराबादच्या सेल्युलर अँड मॉलिक्युलर बायॉलॉजी केंद्रातील संशोधकांनी येथून मिळालेल्या जंतूंपैकी एकाचे ‘इंडिबॅक्टर अल्कलिफिलस’ या नावाने २०१० मध्ये आणि दुसऱ्याचे ‘सेसेंबिया लोणारेन्सिस’ या नावाने २०१२ मध्ये वर्णन केले. दुसऱ्या नावात संस्थेच्या इंग्रजी आद्याक्षरांना लॅटिन पेहराव चढविला असून, लोणारला विशेषणाचे रूप दिले आहे. हे दोन्ही जंतू ग्रॅम-निगेटिव्ह होत. नव्या जंतूचे असे वर्णन करताना, तो कोणत्या औषधाच्या चकतीभोवती वाढतो आणि कोणत्या चकतीभोवती वाढत नाही, याची यादी देण्याची प्रथा आहे. हे जंतू सरोवरातले. त्यांनी कोणाला आजारी पाडले म्हणून ही यादी केलेली नसते. आकार, रंग, खाद्य यांच्या जोडीला औषधांना मिळणारा प्रतिसाद हेही ओळखीचे एक लक्षण म्हणून नोंदले जाते.

पुढे जून २०२० मध्ये सरोवराचे पाणी एकाएकी गुलाबी झाले. पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेतील तपासणीत हा रंग क्षारप्रिय आर्किया, म्हणजे हॅलोआर्किया, यांचा असल्याचे आढळले. आर्किया हे जीवाणूंहून निराळे कूळ आहे, हे १९७७ पासून मानले जाऊ लागले. या कुळातील क्षारप्रिय सूक्ष्मजीव ग्रॅमच्या परीक्षेत सामान्यतः ‘निगेटिव्ह’ ठरतात. परंतु जीवाणूंच्या भित्तीतील पेप्टिडोग्लायकन त्यांच्यात नसते, म्हणून पेनिसिलिनला तेथे लक्ष्यच सापडत नाही. आणि ग्रॅम-निगेटिव्ह जंतूंचे ते लिपोपॉलिसॅकराइडयुक्त बाह्य पटलही त्यांच्यात नसते.

एकाच सरोवरातल्या पाण्याचा एकच थेंब काचपट्टीवर घेतला, तर ग्रॅमचा रंग सेसेंबियाचाही जाईल आणि हॅलोआर्कियाचाही जाईल. दोन्ही ‘निगेटिव्ह’. एकाला बाह्य पटल आहे म्हणून त्याला हे नाव शोभते म्हणावे, तर दुसऱ्याला ते पटल नाहीच. तात्पर्य, ‘निगेटिव्ह’ हे रचनेचे नाव नसून रंग गेल्याची नोंद आहे. ‘ऋण’ हा शब्द त्या नोंदीला गुणधर्माचा दर्जा देतो. लोणारचे पाणी तो दर्जा काढून घेते.

४

‘संवेदनशील’ हा शब्द याहून गंभीर आहे, कारण त्याचा संबंध थेट रोग्याशी येतो. इंग्रजीतही ‘सेन्सिटिव्ह’ या शब्दात रोग्याचे वावडे आणि जंतूची वश्यता हे दोन्ही अर्थ आहेत. म्हणूनच अमेरिकेची क्लिनिकल अँड लॅबोरेटरी स्टँडर्ड्‌स इन्स्टिट्यूट आणि ‘युकास्ट’ ही युरोपीय समिती यांच्या मानकांत जंतूसाठी ‘ससेप्टिबल’ हा निराळा शब्द योजिला जातो. मराठीने मात्र दोन्ही इंग्रजी शब्दांना बऱ्याचदा एकच ‘संवेदनशील’ दिला आहे. म्हणजे मुळात जो भेद सावधपणे निर्माण केला होता, तो भाषांतरात पुसला गेला. ‘सेन्सिटिव्ह’ हा शब्द देवनागरीत लिहून हा घोटाळा टळत नाही, हेही ध्यानात घ्यावे. उसना शब्द आपला दोषही बरोबर घेऊन येतो.

शब्दाच्या प्रत्ययातही दोष आहे. ‘शील’ हे उत्तरपद संस्कृतात व मराठीत ताच्छील्य, म्हणजे अंगभूत स्वभाव, दाखविते. दानशील, लज्जाशील, सहनशील या शब्दांत तो स्वभाव नित्याचा आहे. प्रयोगशाळेचा अहवाल मात्र स्वभाव सांगत नाही; निर्णय सांगतो. त्या निर्णयात तीन गोष्टी अंतर्भूत असतात : हा जंतू किती तीव्रतेच्या औषधाने थांबला, शरीरात तेवढी तीव्रता गाठता येते की नाही, आणि तपासणी कोणत्या पद्धतीने केली. यांतील एक गोष्ट बदलली की निर्णय बदलतो.

पॉलिमिक्सिनचे उदाहरण या दृष्टीने फार बोलके आहे. त्याचा रेणू मोठा असल्यामुळे आगरमध्ये तो नीट पसरत नाही. चकतीभोवतीचे वर्तुळ पाहून काढलेला निष्कर्ष भरवशाचा ठरत नाही. म्हणून २०१६ मध्ये अमेरिकन व युरोपीय तज्ज्ञांच्या संयुक्त गटाने कोलिस्टिनसाठी द्रव माध्यमातील सूक्ष्म-विरलन पद्धतच वापरावी, अशी शिफारस केली. २०१९ मध्ये युरोपीय समितीने ‘आय’ या मधल्या अक्षराची व्याख्या बदलली. पूर्वी ते ‘मध्यम’ या अर्थी होते. आता त्याचा अर्थ ‘औषधाचा संपर्क वाढविला तर लागू पडणारे’ असा झाला. अक्षर तेच राहिले, अर्थ पालटला. २०२० मध्ये अमेरिकन संस्थेने तर कोलिस्टिनच्या बाबतीत ‘ससेप्टिबल’ हा वर्गच काढून टाकला. ‘मध्यम’ आणि ‘रोधक’ एवढेच दोन वर्ग उरले. जंतूंचा स्वभाव त्या वर्षी पालटला, असे नव्हे. औषधाची विषारकता आणि शरीरात गाठता येणारी त्याची तीव्रता यांविषयीचा निर्णय पालटला. ‘संवेदनशील’ या शब्दाने हे कसे सांगता येईल?

जंतूची बाजूही स्थिर नाही. २०१५ मध्ये चीनमधून ‘एमसीआर-१’ या जनुकाचे वर्णन प्रसिद्ध झाले. हा जनुक एका जंतूकडून दुसऱ्याकडे जाऊ शकतो आणि बाह्य पटलावरील ऋणभार कमी करून कोलिस्टिनची पकड सैल करतो. जनावरांना वाढीसाठी दिल्या जाणाऱ्या कोलिस्टिनमुळे अशा जंतूंना उत्तेजन मिळते, या जाणिवेने भारत सरकारने २०१९ मध्ये अन्नासाठी पाळलेल्या प्राण्यांत त्याच्या वापरास बंदी केली. पटकीच्या बाबतीतही तेच घडले. पॉलिमिक्सिन बी ला न जुमानणारा अशी ज्याची ख्याती, त्या एल टॉरचे पॉलिमिक्सिनला बळी पडणारे वाणही अलीकडे आढळले आहेत. काल ज्याला ‘शील’ म्हटले, ते आज उरले नाही.

पटकीच्या निमित्ताने शब्दांच्या प्रवासातील एक जुना घोटाळा आठवतो. कोकणी व मराठीतील ‘मोडशी’ हा शब्द गोव्यातील पोर्तुगिजांनी आपल्या उच्चाराप्रमाणे उचलला. गार्सिया द ऑर्ता याच्या १५६३ साली गोव्यात छापलेल्या ग्रंथात या रोगाचे वर्णन आहे. पुढे फ्रेंचांच्या कानाला तोच शब्द ‘मॉर-द-शियाँ’, म्हणजे ‘कुत्र्याचे मरण’, असा ऐकू आला आणि एका देशी शब्दाला नसलेला अर्थ चिकटला. परक्यांनी आपला शब्द असा ऐकला. आपण त्यांचे शब्द याहून नीट ऐकले आहेत काय, हा प्रश्न ‘ऋण’ आणि ‘संवेदनशील’ या शब्दांनी पुढे ठेवला आहे.

५

उरली तिसरी संज्ञा, ‘प्रतिजैविक’. ‘अँटिबायोटिक’ या शब्दाचे हे अवयवशः केलेले भाषांतर होय. ते रुळले आहे, वर्तमानपत्रांतही दिसते, आणि रुळलेला शब्द सबळ कारणाशिवाय उखडू नये. तथापि त्याच्या दोन मर्यादा सांगितल्या पाहिजेत. प्रतिजन, प्रतिपिंड, प्रतिविष, प्रतिजैविक अशी ‘प्रति’ची रांग लागल्यामुळे नवशिक्या वाचकाला त्यांतील भेद आठवत नाही. दुसरे असे की, ‘प्रति’ या उपसर्गाने फक्त विरोध सांगितला जातो. पहिल्या भागात दाखविल्याप्रमाणे प्रयोगशाळेत पॉलिमिक्सिन कधी चाळणीचे काम करते, कधी कसोटीच्या दगडाचे, तर कधी साक्षीदाराचे. ‘निवडक माध्यमात प्रतिजैविक घातले’ या वाक्याने, ते का घातले, हे कळत नाही. ‘नको ते जंतू चाळून काढण्यासाठी घातले’ या वाक्याने कळते. म्हणून संज्ञा ठेवावी, पण क्रिया मराठीत सांगावी.

ही सूचना बुलढाण्यासारख्या जिल्ह्याच्या संदर्भात विशेष महत्त्वाची ठरते. हा जिल्हा १९५६ पर्यंत नागपूर राजधानी असलेल्या प्रांतात होता. नंतर द्विभाषिक मुंबई राज्यात आणि १९६० पासून महाराष्ट्रात आला. नागपूर हे त्या काळात डॉ. रघुवीर यांच्या परिभाषाकार्याचे केंद्र होते. एका इंग्रजी धातूला किंवा उपसर्गाला एक संस्कृत धातू किंवा उपसर्ग निश्चित करून त्यावरून शब्दांची मालिका सिद्ध करावयाची, ही त्यांची पद्धती. तिचे व्यवस्थितपण नाकारता येत नाही. १९६० मध्ये महाराष्ट्र शासनाचे भाषा संचालनालय स्थापन झाले आणि त्याने परिभाषाकोशांची मोठी मालिका सिद्ध केली. हे कार्यही उपेक्षणीय नव्हे. परंतु शब्दाला शब्द जुळविणाऱ्या कोणत्याही पद्धतीत एक धोका राहतोच : मूळ शब्द अनेकार्थी असेल, तर त्याचा भलताच अर्थ निश्चित होऊन बसतो. ‘ऋण’ हे त्याचे उदाहरण होय.

याच जिल्ह्यात नामकरणाची दुसरी एक रीत पूर्वीपासून नांदत आली. लोणारच्या काठावर साचणारे क्षार गोळा करणाऱ्या लोकांनी त्यांना डल्ला, पापडी, भुस्की अशी नावे दिल्याचे नोंदलेले आहे. पापडासारखा थर ती पापडी, भुशासारखी ती भुस्की. हाताला आणि डोळ्याला जे जाणवले तेच नावात आले. त्याहून अधिक काही नाही. या नावांनी रसायनशास्त्र होत नाही, हे खरे. पण निरीक्षणाच्या मर्यादेत राहण्याची जी शिस्त त्यांत आहे, ती प्रयोगशाळेच्या भाषेलाही हवी.

‘संवेदनशील’च्या बाबतीत तर नवा शब्द घडविण्याचेही कारण नाही; भाषेने हा भेद आधीच करून ठेवला आहे. शरीराला एखादा पदार्थ मानवत नसेल तर मराठी माणूस त्याचे ‘वावडे’ आहे असे म्हणतो. ताप उतरत नसेल तर तो औषधाला ‘दाद देत नाही’ असे म्हणतो. ‘दाद’ हा शब्द फारसीतून आला. तेथे त्याचा अर्थ न्याय. मैफलीतही दाद दिली जाते, हे खरे. परंतु औषधाच्या संदर्भात या प्रयोगाचा अर्थ कोणी चुकत नाही. शिवाय ‘दाद देणे’ ही क्रिया आहे, शील नव्हे. आज दाद देणारा जंतू उद्या देणार नाही, एका मात्रेला न देणारा दुसऱ्या मात्रेला देईल, हे सारे त्या क्रियापदात सहज सामावते. मधल्या वर्गासाठी ‘वाढीव मात्रेला दाद देणारा’ असे म्हणता येईल. कोलिस्टिनसारख्या औषधाबाबत ‘दाद देतो’ असे मुळीच न लिहिता ‘मध्यम’ किंवा ‘दाद देत नाही’ एवढेच लिहिण्याची सोय राहील.

हे शब्द घरगुती आहेत, म्हणून शास्त्रात चालणार नाहीत, असा आक्षेप येईल. त्याचे उत्तर आरंभीच्या दोन वाक्यांतच आहे. ‘रोग्याला पेनिसिलिनचे वावडे आहे’ आणि ‘जंतू पेनिसिलिनला दाद देतो’ ही वाक्ये एकाच कागदावर एकाखाली एक लिहिली, तरी त्यांतील एकाचा अर्थ दुसऱ्याला लागण्याचा संभव नाही. शास्त्रीय संज्ञेपासून जी नेमकेपणाची अपेक्षा करतात ती येथे पूर्ण होते. आणि अहवाल हाती घेऊन घरी जाणाऱ्या माणसालाही त्यात काय लिहिले आहे, ते कळते.